व्याकरण सुधारीन, मजकूर नाही

"खोटंच बोलायचं असेल तर मराठीत बोला. त्यात आपला हात चांगला बसलेला आहे. इंग्रजी नवी आहे, ती तरी खऱ्यानं सुरू करा."

द्वारकाबाई पोतनीस नव्या वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगत आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन मुलींच्या आया शाळेच्या पायरीवर हजर होत. बाई त्यांना आत बोलावून बसवीत, पाणी देत आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश, म्हणून दाखवीत.

देवासातल्या त्या मुलींच्या शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. विलायतेतली पहिली लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी एकोणीस वर्षांची, खालच्या वर्गांना शिवण आणि वाचन शिकवणारी. द्वारकाबाई सत्तावीस-अठ्ठावीसच्या, वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या. माहेर धारचं, म्हणून गावात त्यांना 'धारवाल्या बाई' म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत, चालणं असं की बरोबर चालणारीला अधूनमधून पळावं लागे. पायांत जाड पुरुषी वहाणा. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "पाय माझे आहेत. काटे गावाचे आहेत." हनुवटीखाली एक वाकडी खूण होती. विचारलं की त्या तुटक सांगत, "लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले." इतकं तुटक त्या दुसऱ्या कशाविषयीच बोलत नसत.

नवरा ग्वाल्हेरकडे नोकरीला होता. तिकडे त्यानं दुसरं लग्न केलं आणि वर्षभरानं पत्र पाठवलं की यायचं असेल तर ये, घरात जागा आहे. बाईंनी उलट टपाली कार्ड लिहिलं, "जागा माझ्याकडेही आहे." एवढंच. कार्ड उघडंच असायचं, त्यामुळे ते टपालवाल्यानं वाचलं आणि मग सगळ्या गावानं वाचलं. कुणी त्यावरून टोमणा मारला की बाई म्हणत, "वाचता येतं ना लोकांना? मग बरं आहे. शाळेचा उपयोग होतोय."

त्यांचा वर्ग मी एकदा खिडकीशी उभी राहून ऐकला होता. टोंकखुर्दची एक मुलगी मामाकडे राहून शिकत होती. तिला 'माझं घर' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची होती. तिनं पुस्तकातली घडाघडा म्हटली. घराभोवती बाग आहे, बागेत गुलाब आहेत, फाटक पांढरं आहे.

"टोंकखुर्दला गुलाब?" बाईंनी विचारलं. "तुझ्या घरापुढं काय आहे गं?"

मुलगी घाबरून आपल्या बोलीवर गेली. "म्हैस है, बाई."

"किती?"

"दोन. एक लात मारती."

"मग तिचं सांग की! लाथ मारणाऱ्या म्हशीचं इंग्रजी मला ऐकायचंय. गुलाबाचं मी फार ऐकलं."

लाथ मारण्याचा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिला गेला. पोरगी उठली आणि म्हशीवर पाचच्या जागी नऊ वाक्यं बोलली. त्यातली सहा चुकीची होती. बाईंनी सहाही दुरुस्त केली, पण म्हैस तिथंच ठेवली.

त्या साली आमच्या मुख्याध्यापिका काशीला निघून गेल्या आणि त्यांची जागा रिकामी झाली. शाळेचा कारभार अप्पासाहेबांकडे होता. गृहस्थ वयस्कर, सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की मुलींची शाळा चालते ती गावाच्या मेहेरबानीवर, तेव्हा गावाला ठेच लागेल असं काही घडता कामा नये. इंदुराकडून शाळा तपासायला एक मडम येणार होत्या. त्या उमेदवार बायकांशी इंग्रजीत तोंडी बोलणार आणि जिचं बोलणं उत्तम तिचं नाव सुचवणार, असं ठरलं. उमेदवार दोघीच. एक द्वारकाबाई आणि दुसऱ्या अप्पासाहेबांच्या नात्यातल्या एक बाई.

अप्पासाहेबांनी दोघींना एकेक पातळ पुस्तक दिलं. त्यात परीक्षकांचे नेहमीचे चाळीस प्रश्न होते आणि त्यांची तयार उत्तरं. "सतरावा चांगला पाठ करा," त्यांनी बजावलं. "मडमना सायकलीची भारी आवड. स्वतः चालवतात म्हणे. जातील तिथं तो प्रश्न विचारतात."

सतरावा प्रश्न असा होता: लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का, आणि तुमच्या भागात सायकल लोकप्रिय आहे का? उत्तरात होतं की दहाव्या वाढदिवशी प्रेमळ वडिलांनी सुंदर सायकल भेट दिली, रविवारी आम्ही भावंडं नदीकाठच्या हिरवळीवर रपेट मारीत असू, आणि आमच्या भागात सायकल अत्यंत लोकप्रिय असून ती आरोग्यास हितकारक आहे.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. "कमळे, दहावा वाढदिवस तुझा कसा झाला गं?"

"माझं लग्न ठरलं होतं त्या वर्षी."

"बघ. आणि हे म्हणतं हिरवळ."

शाळा सुटली की मी त्यांच्या खोलीवर जायची. त्या उभ्या राहत, मी ट्रंकेवर बसून मडम व्हायची. सतरावा प्रश्न आला की त्या म्हणत, "नो." आणि गप्प.

"बाई, एका शब्दावर मडम कसे गुण देतील?"

"मग म्हणते, मला सायकल नव्हती, आमच्यात मुलींना नसते."

"हे चांगलं आहे. पण पुढं काहीतरी हवं. आठवण हवी."

पाच-सहा दिवस असं चाललं. बाकीची एकोणचाळीस उत्तरं त्यांनी मोडून आपली करून घेतली होती. हे एकच अडून बसलं होतं. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, "जाऊ दे ना बाई, पुस्तकातलंच म्हणा. कोण बघायला येतंय धारला?"

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग तशाच, माझ्याकडे न बघता बोलल्या.

वडील धारला कचेरीत नकलनवीस होते. कागद इकडून तिकडे न्यायला कचेरीनं त्यांना एक सायकल दिली होती. सगळ्या आळीत एकच. अकरा वर्षांच्या द्वारकेनं ती आधी नुसती पुसली, मग ढकलली, मग एका पहाटे ती ढकलत मुंज तलावाच्या काठावर नेली. सीटवरून पाय पोचत नव्हते. दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, लुगडं खोचून, कैची मारत ती शिकली. महिनाभर रोज. वडील उठायच्या आत सायकल जागेवर असायची.

"मग एक दिवस उतारावर बैलगाडी आडवी आली. पुढचं चाक वाकलं, हनुवटी फुटली. आणि नेमकं त्याच महिन्यात उज्जैनचं स्थळ बघायला यायचं होतं."

"पेरूचं झाड?"

"आईनं लावलं ते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पेरूचं झाड नव्हतंच. कचेरीत वडिलांनी सांगितलं की आपणच पडलो. लोक हसले त्यांना. तरी बातमी उज्जैनला पोचली आणि स्थळ मोडलं. आई म्हणाली, सायकलचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. मी काढलं नाही. सतरा वर्षं मी पेरूचं झाड सांगतेय, कमळे. माझ्या नवऱ्यालासुद्धा तेच सांगितलं. आणि मुलींना सांगते, खरं बोला."

त्या वळल्या, डोळे कोरडे होते. "चल, मडम हो. विचार."

त्या दिवसापासून उत्तर चालू लागलं, पण प्रत्येक शब्दाला वाद. 'माझ्याकडे सायकल होती' हे इंग्रजी वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि खोडलं. "होती म्हणजे माझी झाली. माझी कुठं होती?" मी उसनी घेतल्याचा शब्द सुचवला. "उसनी विचारून घेतात. मी विचारलं नव्हतं." मग मी भीत भीत चोरीचा शब्द काढला. "चोर परत ठेवत नाही. मी रोज परत ठेवायची, पुसून." शेवटी 'आय टुक इट' वर आम्ही थांबलो. मी ती घेतली. बाईंनी ते तीनदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली.

उत्तरार्ध राहिला होता. इथं सायकल लोकप्रिय आहे का? आम्ही मोजलं तर गावात सायकलवाले हाताच्या बोटांवर. दवाखान्याचे डॉक्टर, बांधकामाकडचे एक ओव्हरसियर, दोन-चार हौशी तरुण. "नाही म्हणून मोकळ्या व्हा," मी म्हटलं. पण बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, सायकल चालवून बघावी असं कुणाकुणाला वाटतं? आधी एकही हात वर गेला नाही. त्या म्हणाल्या, "मी फळ्याकडे तोंड करते." आणि वळून उभ्या राहिल्या. मी दाराशीच होते. एकूण एक हात वर होता.

मडम आल्या त्या दिवशी शाळेचं अंगण सारवलं होतं आणि मुलींच्या वेण्यांत शेवंती होती. मडम चाळिशीच्या, उन्हानं लाल झालेल्या, बोलायला मोकळ्या. दुसऱ्या उमेदवार बाईंनी प्रेमळ वडील, वाढदिवस आणि हिरवळ बिनचूक म्हटली. मडम "व्हेरी नाइस" म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

मग द्वारकाबाई उभ्या राहिल्या. मी दप्तर धरायच्या निमित्तानं कोपऱ्यात होते, अप्पासाहेब मडमांच्या शेजारी. प्रश्न आला. बाईंनी सांगायला सुरुवात केली. वडिलांची सायकल, तलाव, दांड्याखालून घातलेला पाय. 'आय टुक इट' म्हणताना आवाज किंचित हलला, नंतर नाही. इंग्रजी साधी होती, वाक्यं आखूड. बैलगाडीपर्यंत आल्या तेव्हा मडमांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली होती. बाईंनी हनुवटी वर करून खूण दाखवली. "धिस इज दॅट डे," त्या म्हणाल्या. हे आमच्या तयारीत नव्हतं. अप्पासाहेब जमिनीकडे पाहत होते.

मडम हळूच म्हणाल्या, म्हणजे इथल्या स्त्रियांत सायकल लोकप्रिय नाही तर?

"इट इज पॉप्युलर, मॅडम," द्वारकाबाई म्हणाल्या. "इट इज नॉट अलाउड."

मडम मोठ्यानं हसल्या आणि लगेच हसायच्या थांबल्या. त्यांनी उठून बाईंशी हात मिळवला. दोघींत द्वारकाबाईंना त्यांनी जास्त गुण दिले, हे आम्हाला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी अप्पासाहेबांनी बाईंना कचेरीत बोलावलं आणि साक्षीला मला. टेबलावर एक कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं की सायकलीची हकीकत केवळ भाषेच्या सरावासाठी रचलेली होती, ती प्रत्यक्ष घडलेली नाही, आणि शेवटचं वाक्य अनवधानानं निघालं.

"एवढी सही करा," ते समजुतीनं म्हणाले. "जागा तुमचीच आहे. मडमची शिफारस आहे, मला आडवं यायचं नाही. पण उद्या चार घरं म्हणतील, मुख्य बाईच लहानपणी सायकलवर हिंडत होती, मुली कशाला पाठवायच्या? शाळा बंद पडली तर कुणाचं नुकसान? तुमचं नाही, त्या मुलींचं."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मनात म्हणत होते, करा सही, बाई.

बाईंनी कागद पुरा वाचला, दोनदा. "माझ्या उत्तरात व्याकरणाची चूक असेल तर दाखवा, अप्पासाहेब. सुधारीन. मजकूर सुधारणार नाही."

"हट्ट आहे हा."

"सतरा वर्षं तुमचंच ऐकलं मी. तुम्ही धारला नव्हता, पण तुमचंच ऐकलं. आता पुरे."

अप्पासाहेब माझ्याकडे वळले. "कमळाबाई, हे उत्तर आधी बसवलेलं होतं का? तुम्हाला ठाऊक होतं? तुमचाही हात होता त्यात?"

त्या उत्तरातला शब्द न् शब्द मला पाठ होता. त्यातले चार तर माझेच होते. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

द्वारकाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. कागद तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडल्या. संध्याकाळी नोकरीवरून कमी केल्याची चिठ्ठी त्यांच्या खोलीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळी त्या बाजारात कालूभियाच्या दुकानी गेल्या. कालूभिया कंदील, स्टोव्ह दुरुस्त करायचा, आणि त्याच्याकडे तासाच्या भाड्यानं द्यायच्या दोन सायकली होत्या. मी शाळेत निघाले होते. त्यांना पाहून पाय आपोआप थबकले.

"भिया, एक गाडी दो, घंटाभर."

"किनके वास्ते, बाईसाब?"

"मेरे वास्ते."

कालूभियाच्या हातातला पाना तसाच राहिला. "बाईसाब, पडी जावगा!"

"पडूंगी तो उठूंगी. तुम ब्रेक देख लो."

तो बिचारा ब्रेक बघू लागला. बाईंनी लुगडं खोचलं, वहाणा पायांतच ठेवल्या. मग त्यांना मी दिसले. मला वाटलं आता कालचं काढतील. त्या म्हणाल्या, "कमळे, छत्री धर माझी. 'मला माहीत नाही' हे तुला मराठीतसुद्धा नीट म्हणता येत नाही. चेहरा पडतो."

मी छत्री धरली. दुसरं काय करणार होते?

सतरा वर्षांनी त्या सायकलवर बसल्या आणि दहा पावलांवर धाडकन पडल्या. भाजीवाल्या हसल्या. त्या उठल्या, कोपराची माती झटकली, पुन्हा बसल्या. या वेळी दांड्याखालून नाही, सीटवरून. चाक वेडंवाकडं गेलं, मग सरळ झालं. देवासात तेव्हा एका गावात दोन राज्यं. मोठ्या रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. बाई बरोब्बर मधून गेल्या. खिडक्या उघडल्या, दुकानदार उठून उभे राहिले. कुणीतरी ओरडलं, "धारवाली बाई है रे!" समोरून अप्पासाहेबांचा टांगा आला. एरवी आम्ही बायका त्यांना पाहून बाजूला सरून उभ्या राहायचो. बाईंनी घंटी वाजवली. टांगेवाल्यानं घोडा डावीकडे घेतला. अप्पासाहेबांनी आपण होऊन नमस्काराला हात उचलला की पगडी सावरली, हे मला आजही सांगता येणार नाही. शाळेच्या फाटकाशी मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यात टोंकखुर्दची ती पोरगी सगळ्यांत पुढं, दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून.

तासाभरानं त्यांनी सायकल परत केली. कालूभियानं भाडं घेतलं नाही, बाईंनी ते बळंच त्याच्या स्टुलावर ठेवलं.

जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. शाळा काही बंद पडली नाही. बाईंनी आपल्या खोलीतच बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. महिनाभर एकही बाई फिरकली नाही, त्या रोज ठरल्या वेळी रिकाम्या खोलीत फळ्यावर तारीख लिहून बसत. मग डॉक्टरांची बायको आली, मग लोहारद्याहून सासरी आलेली एक नवी सून, मग आणखी तिघी. मीही जाऊ लागले. शाळेतून निघून थेट, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल अशी. एवढं धाडस माझ्याच्यानं झालं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी..." त्यांनी हातात खडू दिला. "इंग्रजीत सांग. तासाला आली आहेस ना?"

मी ते सांगितलं. भूतकाळाच्या तीन चुका केल्या. त्यांनी तिन्ही सुधारल्या आणि पुढचीला उठवलं.

दोन वर्षांनी त्यांचे वडील आजारी पडले आणि त्या धारला परतल्या. वर्ग तिथंही काढल्याचं कानावर येई. माझं पुनर्लग्न झालं. हो, विधवेचं पुनर्लग्न, तेही कमी वादळी नव्हतं, पण ती माझी गोष्ट आहे. मी खातेगांवला गेले.

बऱ्याच वर्षांनी मांडवगडाला जाताना आम्ही धारला उतरलो. मोटारींच्या अड्ड्यावर गर्दी होती आणि गर्दीच्या वरून एक आवाज येत होता. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ. इंदूरच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारच्या जागेवर द्वारकाबाई बसल्या होत्या आणि क्लीनर त्यांना मागं बायकांत बसायला सांगत होता. पुढची बैठक मर्दांची, म्हणत होता. ड्रायव्हरनं कंटाळून इंजिन सुरू केलं होतं. बाई क्लीनरला समजावत होत्या, मोटार कुठून कशी चालते ते बघायचं आहे, मागून ते दिसत नाही, आणि तिकिटावर मर्द असं कुठं लिहिलंय ते त्यानं वाचून दाखवावं.

मी धावत गेले. "बाई! बाई, मी कमळा!"

त्यांनी मान वळवली. ओळख पटली, नक्की पटली, डोळे एकदम हसले. पण बोट वर करून त्यांनी मला थांबवलं, माझं हे वाक्य होऊ दे, अशा अर्थानं. आणि पुन्हा क्लीनरकडे वळल्या. मोटार हलली, क्लीनर मागच्या पायरीवर चढला. धुळीतून मोटार वळणापर्यंत गेली, तरी त्या खिडकीतून मागं वाकून त्याला सांगतच होत्या.